संगणकाचा खांदा

बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पोटाशी सोनेरी ठिपक्यांची नक्षी... राजेश्वरनं तो अंगठ्यानं उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागच्या संगणकाचा प्रोसेसर. दहा वर्षं चालायला हवा होता, तीन वर्षांत गेला, आणि कशानं गेला हे जिंतुरात फक्त राजेश्वरला ठाऊक — चलचित्रं करून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यानं उन्हाळ्याचं कारण सांगितलं होतं, आणि परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यावर घेतलेला आळ कुणी तपासत नाही.

आता पडद्यावर आकडा होता, १.३६ व्होल्ट. नव्या प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब. दाब वाढवला की तो जोरात पळतो. जोरात पळाला की झिजतो. झिजला की तेवढंच पळायला आणखी दाब मागतो... वर्षभरात तीनदा वाढवून झाला होता. आज सकाळी यंत्र पुन्हा अडकलं, समुद्रमंथनाच्या ऐन मध्यात — गणपती पाच दिवसांवर, मंडळाचा पडद्यावरचा देखावा अर्धा, आणि समुद्राचा एकेक थेंब यंत्रानंच हिशेब करून उडवायचा. १.४० केलं तर चतुर्थीपर्यंत होईल. पण हे यंत्र गेलं तर दुसरं नाही. वेग उतरवला तर यंत्र वाचेल, मात्र देव आणि दानव विसर्जनापर्यंत वासुकी धरून उभे राहतील.

आतल्या त्या तारा — केसाच्या जाडीत हजारावर मावतील अशा — त्यांतून वीज वाहते, आणि वाहताना तांब्याचे कण सोबत नेते, पुरानं काठची माती न्यावी तसे, एकेक, दिसामासानं, कुणाला न कळवता... सेकंदाला पाच अब्ज ठोके. राजेश्वरला वाटलं, मी चहावर एक फुंकर घालतो तेवढ्यात आत केवढी युगं उलटत असतील, आणि हे सगळं माझ्या एका बोटाखाली?

दुपारी त्याचे वडील, अप्पा, आले. बैल विकून दोन वर्षं झाली होती, दावण रिकामी. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळणारा हात काही गप्प बसेना, म्हणून वाटी फडक्यात बांधून ते गावाहून एसटीनं निघाले होते. टेबलाखालच्या डब्याकडं त्यांनी बाजारातल्या जनावराकडं बघावं तसं बघितलं.

"कमावतं जनावर आता हेच ना? ह्याचा खांदा कुठं असतो?"

राजेश्वरला हसू यायला हवं होतं. त्यानं बाजूचा पत्रा काढला आणि पंख्यामागचा धातू दाखवला. अप्पांनी तळहात टेकवला, बराच वेळ ठेवला.

"लय तापलंय. कवापासून जुंपलंय?"

"चार दिवस झाले, अप्पा. आता आणखी जोर लावायला लागतोय."

मग अप्पा वाटीतलं लोणी बोटानं ढवळत सांगू लागले, की एका साली पाऊस डोक्यावर आला तेव्हा त्यांनीही बैलांना पराणी टोचून दोन दिवसांचं रान एका दिवसात पेरलं होतं.

"मग?"

"मंग काय. पेरा साधला. बैल पुन्यांदा जुवाखाली आला न्हाई."

बरं केलं की वाईट, ते आवाजावरून कळलं नाही. चाळीस वर्षांत अप्पांनाही कळलं नसावं.

त्यांनी पत्र्यावर हळद-लोण्याचं बोट ओढलं आणि बैलांना सांगत तशाच हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पंखा एका सुरात घुमत होता. राजेश्वरचं बोट दाब वाढवायच्या कळीवर होतं — तीनदा न विचारता दाबलेलं तेच बोट — आणि आता ते खालीही जाईना, मागंही येईना... आत काय आहे, किती आहे, कसं सोसतंय... तो कान देऊन ऐकू लागला. आणि आपण उत्तराची वाट बघतोय हे ध्यानात आल्यावरही त्याला हसू आलं नाही.