आवळलेलं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, मान आखूड आणि डोक्यावर आट्यांचं पत्र्याचं झाकण. स्वभावाने मी जरा भोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. काचेची असल्यामुळे मला चहूकडचं दिसतं, आणि दिसलं की 'हे असं का?' असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कारखान्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. आधी पोटात मध होता. तो संपल्यावर मी एका प्लंबरच्या स्वयंपाकघरात कायमची राहिले. हे प्लंबर म्हणजे माझे मालक. जन्मभर नळ आणि पाइप आवळण्याची त्यांना इतकी सवय, की साधं झाकण लावतानाही ते शेवटी एक जोरदार पीळ देतात. "आता आत हवा जायची काय बिशाद!" असं म्हणून मला टिचकी मारतात. मग काय विचारता! शेजारच्या बिस्किटांच्या डब्यापुढे मी भलतीच मिजास करायचे. त्याचं झाकण फुंकरीनेही उडेल असं सैल.

मालकीण शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते. तिला सांध्यांचं जुनं दुखणं आहे. मला या दुखण्याचं फार कुतूहल. फुटणं मला ठाऊक आहे, पण दुखणं कसं असतं? ते दिसत तर नाही. सकाळी ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून गप्प बसते, तेव्हा ते असतं का? आणि कधीकधी ती भांडी पुसताना छान गुणगुणते, तेव्हा ते कुठे जातं?

डॉक्टर तिला म्हणाले होते, "खाण्याने दुखणं जाणार नाही, पण अंगात ताकद राहील. कडधान्यं, भाज्या, अक्रोड खा. आणि गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही." मालकांनी ते फार मनावर घेतलं. सगळा बाजार पालथा घातला. माझ्यात मसूर आला, बाकीच्या बरण्यांत वाटाणे आणि अक्रोड. सगळ्यांची झाकणं आवळून ते समाधानाने कामावर गेले.

तिथून एक कोडं सुरू झालं. शाळेतून आली की मालकीण मला फळीवरून काढायची, छातीशी धरायची, खटपट करायची आणि परत जागेवर ठेवायची. मग बिस्किटांचा डबा उघडायची. चहा, दोन बिस्किटं, वर गोळी. मला तर असा राग यायचा! त्या डब्यात असं काय सोनं लागलंय? मालक बाहेरच जेवून उशिरा यायचे आणि विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो."

तिचं वजन उतरलं, पोटात जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, "असंच चाललं तर या गोळ्या बंद कराव्या लागतील. मग टायपिंग विसरा." घरी आल्यावर मालकांनी फळीकडे पाहिलं. सगळ्या बरण्या काठोकाठ भरलेल्या.

"अगं, एवढं आणून ठेवतो आणि तू हातही लावत नाहीस?" ते कडाडले. "जिवावर उदार झालीयस का?"

"रोज लावते हात," ती म्हणाली. "उघडत नाही हो."

तिने मला ओट्यावर ठेवून झाकण फिरवून दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं, झाकण जागचं हललं नाही. अगं बाई! मी जे दुखणं चहूकडे शोधत होते, ते रोज माझ्याच डोक्यावर हात ठेवून जात होतं.

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही किती हौसेने भरता सगळं. आणि वेणी तुम्ही घालता, बटणं तुम्ही लावता... आता बरणीही उघडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

मालकांनी मला हातात घेतलं. "ठोंब्या आहे मी," ते म्हणाले. "नळ समजून आवळत बसलो." मग त्यांनी एकेक झाकण सैल केलं आणि पातेलं घ्यायला गेले.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "आज मी करते."

तिने मसूर शिजवला, गाजर घातलं, वाडगा भरून घेतला. तो संपल्यावर आणखी घेतला. गोळी त्यानंतर. मालक समोर बसून नुसते बघत होते. त्यांचा वाडगा गार झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दुखणाईत असेल आणि नीट जेवत नसेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि 'कुठे अडतंय?' असं विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका. आमच्याकडे ते यायला अख्खा हिवाळा गेला.