लाल गव्हाचा मांडा

मी खापर बोलतो. मातीचं, पालथं, मांडे भाजायचं खापर. शाळा मी पाहिली नाही, तेव्हा जे घडलं तेवढंच सांगतो.

मेहकरच्या निवृत्ती कुंभारानं मला घडवलं. त्या आव्यात, कुंभाराच्या भट्टीत, सात खापरं होती. पाच तडकली, दोन निघाली. त्यातला एक मी. लोखंडाचा तवा पडला तर वाजतो. आम्ही पडलो तर संपतो. ही भीती जन्मापासून पोटात असते. ती दाखवायची नसते.

मनकर्णाबाईंनी मला घेतलं. मोटार स्टँडाजवळ त्यांची खानावळ होती. सहा पाट, दोन बाकडी. रोज भाकर, पिठलं, ठेचा. गुरुवारी मात्र मांडे. साखरखेर्ड्याची माणसं मांड्यांसाठी एक मोटार सोडून दुसरीनं जायची. बाई कणीक हातावर घ्यायच्या, आत पुरण, आणि फिरवत फिरवत कोपरापर्यंत ताणायच्या. मग माझ्या पाठीवर टाकायच्या. मी पोळलो तरी मांडा करपू दिला नाही.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. गहू दिसेना. रेशनवर बोटीनं आलेला मिलो, परदेशी लाल ज्वारी. मांडे बंद झाले आणि मी टोपलीखाली गेलो. माणूस गरज संपली की वस्तूला विसरतो. मी तक्रार केली नाही.

तिसऱ्या वर्षी बाईंचा धाकटा भाऊ पुंजाजी हिवऱ्याहून पोतं घेऊन आला. सरकारी माणसानं त्याला मेक्सिकन गव्हाचं बी दिलं होतं. झाड बुटकं, ओंबी भरगच्च, दाणा लाल. अर्ध्या एकरात त्यानं कधी नव्हे एवढी रास केली होती. तरी त्याचं तोंड उतरलेलं होतं.

कारण पाणी. विहीर एक, भाऊ दोन. मोटेच्या पाळ्या बापानं वाटून दिलेल्या, बैलजोडी थोरल्याच्या दावणीला. हा गहू पाणी फार पितो. पुंजाजीला एक पाळी जादा हवी होती, सोमवारची. ती थोरल्या उत्तमरावांची. ती मिळाली नाही तर पुढच्या साली हे पीक उभ्यानं वाळणार होतं.

"दादा म्हन्ते, लाल गव्हाले माह्या विहिरीचं पानी काऊन पाजू?" पुंजाजी बहिणीला म्हणाला. "म्हन्ते, मांडे होत असतीन तर तो गहू. मांडे झाले तर सोमवार तुहा. नाई झाले तर पुन्हा तोंड उघडू नको."

आमच्याकडं गव्हाची परीक्षा अशीच होते. जो हातावर ताणत नाही, तो गहू नव्हे.

गुरुवारी दुपारी उत्तमराव आले. पाय धुतले, पाटावर बसले. ताट पुढ्यात ओढलं. बाकड्यावर भगवंतराव मास्तर जेवत होते. ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

"मनकर्णाबाई, त्या मेक्सिकोतले लोक म्हने मक्याची भाकर खातात. मिरचीसंग. पेपरात वाचलं मी."

"मिरचीसंग भाकर खातात?" बाई म्हणाल्या. "मंग आपले सोयरेच झाले ते."

मास्तर हसले. उत्तमराव हसले नाहीत.

बाईंनी पीठ वस्त्रगाळ केलं होतं. जुन्या गव्हाला घालायच्या तेवढंच पाणी घातलं होतं, तेवढंच तिंबलं होतं. वीस वर्षांचा हात. तो हातच चुकला. पहिला मांडा वीतभर ताणला आणि फाटला. पुरण माझ्यावर सांडलं, जळलं. दुसरा कोपराशी फाटला.

"मांडे करून राह्यली का गोधडी फाडून राह्यली?" मास्तर म्हणाले.

"जेवा ना गुमान," बाई म्हणाल्या. मला चुलीवरून सगळं दिसत होतं. पुंजाजी दारात उभा होता, उपरणं पिळत. उत्तमराव ताटावरचा हात काढू लागले.

"दादा, थांब ना जरासाक," बाई म्हणाल्या.

"दोन पाह्यले. अजून किती पाहू?"

तेव्हा पुंजाजी आत आला. थोरल्यासमोर तो कधी मोठ्यानं बोलत नसे.

"बाई, वावरात ह्याले दुप्पट पानी लागलं. जुन्याच्या मापानं देलं तेव्हा हा सुकला होता. कनकीलेबी पाज की दुप्पट."

बाईंनी भावाकडं पाहिलं. मग तांब्या उचलला. पाणी लावलं, कणीक आपटली, परत पाणी, परत आपटली. कपाळावरचा घाम कोपरानं पुसला. कणीक पातळ झाली, चकाकू लागली. बराच वेळ गेला. उत्तमराव उठले नाहीत. ते कणकीकडं बघत होते.

पण तोवर चुलीतला जाळ कोणी ओढला नाही. मी तापत राहिलो, हद्दीबाहेर. एवढ्या तापल्या खापरावर एवढी ओली कणीक पडली की काय होतं, ते मला ठाऊक होतं. सांगायला मला तोंड नव्हतं.

बाईंनी तिसरा मांडा घेतला. तो वीतभर गेला, हातभर गेला, कोपराच्या खाली लोंबला. त्यातून बाईंच्या बांगड्या दिसत होत्या. फाटला नाही. त्यांनी तो माझ्यावर टाकला.

कट्ट झालं. माझ्या पाठीत चीर गेली. फुटायचं तर मांडा उतरल्यावर, असं मी ठरवलं. दात असते तर आवळले असते. मांडा भाजला, पलटला, उतरला. मग मी दोन झालो.

उत्तमरावांनी तो दुधात कुस्करला. सगळा खाल्ला. बोटं पुसली.

"आईच्या मांड्याची चव नाई," ते म्हणाले. पुंजाजीनं मान खाली घातली. "पन मांडा झाला. सोमवार तुहा."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. धूर आहे म्हणाल्या.

माझे तुकडे उकिरड्यावर जायचे. पुंजाजीनं त्यातला मोठा उचलला, हिवऱ्याला नेला आणि वावरात पाणी नेणाऱ्या पाटाच्या तोंडाशी पुरला. मोटेचं पाणी माझ्यावर पडतं, म्हणून खालची माती वाहत नाही. आग गेली, पाणी आलं. काम ते काम.

दर सोमवारी मी ओला होत आलो. पण यंदा उत्तमरावांनीही तोच लाल गहू पेरलाय, दीड एकर. त्यालाही दुप्पट पाणी लागतं. विहिरीचा तळ दिसू लागलाय. परवा अन्नपूर्णावहिनी, उत्तमरावांची बायको, बांधावर म्हणाल्या, "शब्द देल्ला तवा आपला गहू कुठं होता?" उत्तमराव विहिरीकडं बघत राहिले. त्यांच्या त्या बघण्याची मला धास्ती वाटते.

पुंजाजीचं पीक पोटरीवर आहे, ओंबी बाहेर पडायची आहे. एक पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही.

तुम्ही हिवऱ्याच्या वाटेनं गेलात, तर उत्तमरावांना माझा निरोप सांगा. हात जोडत नाही, मला हात नाहीत. म्हणावं, खापर तुमच्या शब्दासाठी फुटलं. तुम्हाला फुटायचं नाही, नुसते बैल जुंपायचे आहेत.

दिवस कासराभर वर आला. मोटेचं चाक अजून वाजलं नाही. आज सोमवार आहे, आणि मी कोरडा आहे.