भाकरीची पावलं

हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या यमुनाबाईंच्या उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या शेजारी, दवाखान्यानं काळं घड्याळ बांधलं होतं. पावलं तेच मोजायचं, ठोके तेच मोजायचं, आणि फोनवाटे सगळं आपसूक डॉक्टरांकडे जायचं. यमुनाबाईंनी नुसतं असायचं. पंधरा दिवस चालणं नीट दिसलं, की वारज्यातल्या मुलाच्या घरून औशाकडच्या गावी जायला त्या मोकळ्या. तिथं धाकटी बहीण आनंदीबाई एकटी वाट बघत होती.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात न्यायला सून अपेक्षानं रजा घेतली. चहा पिता पिता तिनं फोनवर सासूबाईंची पावलं पाहिली. अठराशे पावलं! दाराची कडी तर अजून लागलेली.

स्वयंपाकघरात यमुनाबाई परातीत ज्वारीची भाकरी थापत होत्या. थप, थप, थप. फोनमधला आकडाही त्याच तालात पुढं सरकत होता.

अपेक्षाला हसू आलं. मग तिनं मागचे दिवस उघडून पाहिले: आकडा रोज भाकरीच्या वेळीच वाढलेला.

दवाखान्यात आकडे बघून डॉक्टर म्हणाल्या, "आपण तर माझ्यापेक्षा जास्त चालता. गोळी निम्मी करू. खुशाल गावी जा."

यमुनाबाईंचा चेहरा उजळला. "आनंदीला फोन लाव गं."

फोन अपेक्षाच्या मांडीवरच राहिला. "डॉक्टर, त्या घराबाहेर पडतच नाहीत. ती पावलं भाकरीची आहेत."

गोळी तशीच राहिली. गाव पंधरा दिवस लांबलं.

रिक्षात यमुनाबाई बाहेरच बघत होत्या. "मी कुठं खोटं बोलले? मला काय ठावं, हे येडं भाकरी मोजतंय."

"तुम्ही नाहीच बोललात, आत्याबाई."

"मग तू कशाला तोंड उघडलंस? गेले असते की."

"आणि तिथं दम लागला असता तर? आनंदीमावशींनी एकटीनं काय केलं असतं?"

यमुनाबाईंनी मनगटावरचं घड्याळ फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा उठली, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. घड्याळ डाव्या मनगटावर आलेलं.

"भाकरी फिरून आल्यावर थापीन. हात धर माझा."

जिना उतरताना त्या पायरीपायरीला एकेक शब्द ठेवत गेल्या:

भाकरी थापते बाई, घड्याळ सांगे चालली
सून माझी गं शहाणी, खरं तेवढं बोलली

फाटकाशी त्या टेकल्या. अपेक्षानं आकडा पाहिला. "दोनशे बारा."

"आनंदीला कळव," यमुनाबाई म्हणाल्या, "निघाले म्हणावं."