कातड्याची पट्टी

मोटारीच्या मडगार्डवर ठेवलेल्या पितळेच्या गडव्यात पाणी काठोकाठ होतं. इंजिनाच्या थरथरीनं त्या पाण्यावर बारीक जाळी उमटली होती. पण आत ठक् झालं की जाळीच्या मधोमध एक वलय उठे आणि काठाला येऊन मोडे. प्रेमदासची नजर त्या वलयावर होती. कानाचा भरवसा नव्हता. नुसतं ऐकत बसलं तर सारं इंजिनच ठोकतंय असं वाटायचं.

लाकडी मुठीच्या पेचकसानं त्यानं पहिल्या प्लगची तार उचलली. इंजिन लंगडलं, वलय उठतच राहिलं. तार बसवून त्यानं दुसरी उचलली. तेच. तिसरी उचलली आणि वलय थांबलं. नुसती जाळी राहिली. तार परत टेकवली, वलय परत आलं.

त्यानं इंजिन बंद केलं.

"तिसराच पिस्टन हाय," तो म्हणाला.

त्याची बायको पंचफुला भाकरीचं फडकं घेऊन दाराशी उभी होती. पूर्वी इथं मालकाची घोडी बांधत. आता मोटार उभी राहायची. बाहेर चैताचं ऊन काळ्या वावरांवर पसरलं होतं, आणि भेगा इतक्या रुंदावल्या होत्या की वासराचा पाय अडकावा.

"मागच्या वक्ती होता थोच?" पंचफुलानं विचारलं.

"थोच."

"मंग सांगतलं का मालकाले?"

"ठोक्याचं?"

"ठोक्याचं कायले सांगा लागते? थो तं साऱ्या गावाले आयकू येऊन राह्यला. तुमचं सांगतलं का?"

प्रेमदास पेचकस पुसू लागला.

"पुसा, चांगला पुसा," ती म्हणाली. "आज शनवार हाय. सोमवारी सकाळी तुमी वर्ध्याच्या स्टँडवर उभे नाई राह्यले, त दुसरा बसन त्या गाडीवर. नागपूरले जाऊन धम्म घेतला, गावकी सोडली. या एका गाडीची दावन तेवढी सुटत नाई तुमच्यानं."

"सांगतो नं."

"होळीपासून सांगूनच राह्यले तुमी."

ते खरं होतं. सरकारी मोटारीवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड होळीआधीच झाली होती. महादेवराव मालक दुष्ट असते तर सांगणं सोपं गेलं असतं. त्यांनी प्रेमदासला स्वतः मोटार शिकवली होती, लायसन काढून दिलं होतं. त्याच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं तेव्हा गावातल्या बाकी लोकांनी डोळे वटारले. महादेवरावांनी विषयही काढला नाही. प्रेमदासनं तोंड उघडायला घ्यावं आणि नेमकं त्याच वेळी त्यांनी काहीतरी चांगलं बोलावं, असं प्रत्येक वेळी झालं होतं.

शिवाय फास त्यानं स्वतःच विणला होता. दोन वर्षांपूर्वी कारंज्याहून येताना रानात गाडी ठोकू लागली. पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या डोळ्यात मऊ धातूचं अस्तर असतं, ते वितळून गेलं होतं. प्रेमदासनं जवळच्या विहिरीवरच्या फाटक्या मोटेचं कातडं मागून घेतलं, तेलात बुडवलं, अस्तराच्या जागी पट्टी बसवली आणि सगळ्यांना घरी आणलं. ती तोड एका फेरीपुरती होती. पण गाडी चालते म्हटल्यावर इंजिन खोलायचं कोणी मनावर घेईना. पहिल्या पट्टीनं पावसाळा काढला. आता नवी पट्टी आठवडाभरही धड टिकत नव्हती. ती किती आवळायची हे एकट्या प्रेमदासच्या हाताला ठाऊक होतं.

मालकीणबाई आनंदाबाई चहा घेऊन आल्या. भिंतीतल्या कोनाड्यात प्रेमदासचा वेगळा कप होता. तो त्यानं समोर धरला. त्यांनी वरून चहा ओतला, "साखर जास्त टाकली हाय, उन्हाचा कामाले लागला," असं मायेनं म्हणाल्या आणि परत गेल्या. पंचफुला कपाकडे पाहत राहिली.

मागोमाग महादेवराव आले.

"काय म्हनते रे म्हातारी?"

"ठोकून राह्यली जी."

"आपल्या वयात सारेच ठोकते. टाक पट्टी. उद्या कारंज्याले जा लागते, कोकिळाचं जमून राह्यलं. पोरीच्या लग्नाची गोष्ट हाय, गाडीनं गेलो त बरं दिसते."

"कातडं नाई जी. मोटेचं सरलं."

महादेवराव आत गेले आणि काडतुसांचा जुना पट्टा घेऊन आले. जाड, मऊ, तेल पिऊन काळा झालेला.

"घे. काप."

"मोठ्या मालकाचा हाय जी हा."

"मोठे मालक गेले, त्याइचे वाघ बी गेले. तू हायेस नं. काप."

प्रेमदासनं पट्टा हातात घेतला. पंचफुलाकडे पाहायचं त्यानं टाळलं. पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला.

खालचं चेंबर उतरवलं तसं गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. जुन्या पट्टीची जळकी काळी चिपाडं हाताला आली. ती काढून त्यानं क्रँकवर, दांडा ज्यावर फिरतो त्या लोखंडावर, बोट फिरवलं. नख अडकलं. परत फिरवलं, परत त्याच चरात अडकलं. कातडं आता इथं धरणार नव्हतं. हे खरं होतं आणि सोयीचंही होतं. आपल्या वतीनं गाडीच बोलली तर बरंच, असं त्याच्या मनात आलं.

"मालक," तो खालूनच म्हणाला, "पट्टीनं भागत नाई आता. क्रँकले चर पडले. चढावर रॉड तुटन अन् इंजिनाचं पोट फोडून भाहेर येईन. पोरगी बसवून न्याची नाई या गाडीत."

गाडीखालून त्याला मालकांचे जोडे दिसत होते, आणि त्यापलीकडे पंचफुलाची धुळीनं माखलेली पावलं.

"बरं झालं सांगतलं," महादेवराव म्हणाले. आवाजात राग नव्हताच. "उद्या यष्टीनं जाऊ. अन् इंजिन नेऊ नागपूरले, सारं खोलून नवं करू. तू तिथंच राह्यजो दोन-तीन महिने, डोळ्यादेखत करून घेजो. पंचफुलाले इथं काई कमी पडू देत नाई आमी. कोकिळाची वरात तूच काढजो. इंजिन नवं झालं म्हंजे पुढची दहा वर्सं तुले चिंता नाई अन् मले बी नाई."

प्रेमदासच्या मानेवर तेलाचा थेंब पडला, मग आणखी एक. वर लोखंड होतं, पाठीखाली जमीन. डोकं उचलायलाही जागा नव्हती. पंचफुलाची पावलं हलली नव्हती. ती वळून जाईल असं त्याला वाटलं होतं. ती तिथंच उभी होती.

तो कोपरांवर सरकत बाहेर आला. उठून उभा राहिला. हात पुसायला चिंधी शोधली नाही. पट्टा अखंड होता. तो त्यानं बॉनेटवर ठेवला.

"काय झालं रे?" महादेवरावांनी विचारलं.

"इंजिन तुमी नागपूरले धाडा जी, मिस्त्री चांगला पाहा. मी इंजिनासंगं जात नाई," प्रेमदास म्हणाला. "सोमवारपासून मी वर्ध्याले सरकारी मोटारीवर जाऊन राह्यलो. पंचफुला बी येऊन राह्यली. आमी तुमची चाकरी अन् हे गाव सोडतो, मालक."