ऑरिनची शपथ

त्या निवडणुकीत कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातून सरकारी पक्षाचा एकच माणूस निवडून आला, माझा धाकटा भाऊ ऑरिन. म्हणून तो मंत्री झाला. राजधानी ओटावाचा रिवाजच तसा. प्रत्येक प्रांताचा निदान एक माणूस मंत्रिमंडळात हवाच. "पंतप्रधानांनी आपल्या प्रांताच्या टोपलीत हात घातला," माझा नवरा लॉर्न म्हणाला, "आणि आत एकच बटाटा होता."

फोन आला तेव्हा ऑरिन आमच्याच स्वयंपाकघरात होता. त्याने लग्न केलं नव्हतं. शाळेत इतिहास शिकवायचा आणि जेवायला बहुधा आमच्याकडेच असायचा. फोनवर तो नुसता "हो सर, हो सर" करत होता आणि मी हातातला पिठाचा गोळा तसाच धरून उभी होते. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "व्हर्ना, आईचं बायबल कुठंय? शपथ घेताना आपलं नेलं तरी चालतं म्हणे."

आईचं बायबल जाड होतं आणि त्याची पाठ मासे सुकवायच्या दोऱ्याने शिवलेली होती. ओटावापर्यंत आगगाडीत मी ते मांडीवरच ठेवलं. गव्हर्नर जनरलच्या बंगल्यात झुंबरांखाली नवे मंत्री एकेक करून पुढे जात होते. सगळ्यांच्या हातात गुळगुळीत पुस्तकं, आमच्या ऑरिनच्या हातात ते दोऱ्याचं. एक शपथ राणीशी निष्ठेची, एक खात्याची, आणि एक, मंत्रिमंडळाच्या टेबलापाशी जे बोललं जाईल ते मरेपर्यंत बाहेर न काढण्याची. मी हातरुमाल तोंडाशी धरून रडत होते. असं सुख मला पुन्हा कधी झालं नाही, हे आजही खरंच आहे. त्या दिवसावर मला राग धरता येत नाही.

पहिली दोन वर्षं फार चांगली गेली. महिन्यातून एखाद्या रविवारी तो यायचा. आमचं जेवण ठरलेलं, खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे, त्यावर तळलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि आंबवलेला कोबी. लॉर्न त्याला "माननीय" म्हणायचा. मंत्र्याच्या नावामागे ती पदवी जन्मभर लागते, त्याची लॉर्नला फार गंमत वाटायची.

"काय माननीय, तिथून पंतप्रधान दिसतात का?"

"डोकं दिसतं. ते टेबलाच्या मधोमध बसतात. जुने, वजनदार मंत्री त्यांच्याजवळ. मी टोकाला."

"म्हणजे कॉफी येईपर्यंत थंड होत असेल."

"कॉफीचं काय घेऊन बसलास! खरं काम आधीच छोट्या समित्यांत उरकलेलं असतं. आमच्यासमोर येतं ते शिजूनच येतं."

"मग मतं कशाला मोजता?" मी विचारलं.

"मोजत नाहीतच. पंतप्रधान सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग काय ठरलं ते सांगतात. एकदा सांगितलं की ते सगळ्यांचं. पटलं असो वा नसो."

"हे तर आपल्या चर्चमधल्या बायकांच्या मंडळासारखंच झालं," मी म्हटलं. "तिथंही श्रीमती मोशर सगळ्यांचं ऐकतात."

किती हसलो होतो तिघं!

लॉर्न गोदीत वेल्डर होता. आमच्या टॅनर्स कोव्ह गावात ज्याच्या घरातला कोणी गोदीत नाही असं घर शोधावं लागलं असतं. सरकारची गस्तीची जहाजं गोदीत बांधली जायची, आणि पुढची दोन जहाजं आम्हांला मिळणार की नदीकाठच्या दुसऱ्या मोठ्या प्रांतातल्या गोदीला, हे ओटावात ठरायचं होतं. तिथं सरकारी पक्षाचे खासदार ढिगाने होते. गावात कुजबुज सुरू झाली, पण घाबरलं कोणी नाही. आपला माणूस टेबलापाशी बसलाय ना!

त्या वसंतात लॉर्नच्या चुलतभावाचा लांबच्या हॅमिल्टन शहरातून फोन आला. पोलादाच्या कारखान्यात वेल्डरची जागा आहे, पण बुधवारपर्यंत कळव, दारात दहाजण उभे आहेत. लॉर्न तेव्हा एकावन्न वर्षांचा. समुद्र सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण जहाजं गेली तर या वयात पुन्हा अशी जागा कोण देणार, हेही त्याला कळत होतं.

रविवारी ऑरिन आला. लॉर्नने कॉड वाढून घेतला आणि सरळच विचारलं.

"ऑरिन, तुला माहीत असणार. हो की नाही ते सांगू नकोस, तुझी शपथ मला ठाऊक आहे. एवढंच सांग, माझ्या जागी तू असतास तर गेला असतास?"

ऑरिनने कॉडमधला एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. खिडकीबाहेर कोणीतरी झिंगे पकडायचे पिंजरे धक्क्यावर रचत होतं, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"व्हर्ना," तो म्हणाला, "बटाटे दे जरा."

मी दिले. त्याने तीन घेतले.

तो गेल्यावर लॉर्न मोकळा हसला. "अगं, वाईट बातमी पोटात असती तर या माणसाच्या घशाखाली घास उतरला असता का? लहानपणापासून बघतोय मी त्याला." बुधवारची वाटही न बघता त्याने सोमवारीच हॅमिल्टनला नाही म्हणून कळवलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली. वाईट बातमी त्या त्या भागातल्या मंत्र्यानेच सांगायची, हाही तिथला रिवाज. ऑरिन कागद धरून उभा राहिला आणि म्हणाला, "देशाच्या एकंदर हिताचा विचार करून आम्ही असं ठरवलं आहे..." जहाजं गेली. गोदी हिवाळ्याआधी बंद होणार.

पुढच्या बाकावरून म्हातारी झ्विकरबाई ओरडली, "आम्ही म्हणजे कोण रे, ऑरिन?"

"सरकार, मावशी."

"मग सरकारला सांग, तुझा शेंबूड मी पुसलाय!"

कोणी हसलं नाही. लॉर्न मागच्या भिंतीला टेकून, हातात टोपी धरून उभा होता. ऑरिनने सगळ्या हॉलकडे पाहिलं, फक्त त्या भिंतीकडे सोडून.

बाहेर त्याची काळी गाडी उभी होती. मी त्याला गाडीच्या दाराशी गाठलं.

"तू आमच्या बाजूने बोललास तरी का?"

"तिथलं सांगता येत नाही, व्हर्ना."

"मग राजीनामा का नाही दिलास? पटलं नाही की मंत्री जातात सोडून. तूच शिकवायचास ना पोरांना?"

"मी गेलो तर टेबलापाशी आपल्या प्रांताचा कोणीच उरणार नाही."

"आणि तू आहेस म्हणून काय उरलं?"

तो गाडीत बसला. ड्रायव्हरने हलकेच दार लावलं.

लॉर्न नंतर त्याला कधी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त "माननीय" म्हणायचं सोडलं. ऑरिन आला की "ये ऑरिन," एवढंच म्हणायचा, आणि ते मला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागायचं. हॅमिल्टनची जागा केव्हाच भरली होती. लॉर्न मासळीच्या कारखान्यात बर्फ फोडायला लागला. वेल्डिंगचे हात ते, सांधे सुजून काठीसारखे ताठ झाले. नऊ हिवाळे त्याने काढले आणि दहाव्यात छाती भरून गेला.

ऑरिनचं मंत्रिपदही फार दिवस टिकलं नाही. पुढच्या निवडणुकीत आमच्या प्रांतातून ऑरिन धरून त्याच्या पक्षाचे तिघे निवडून आले. टोपलीत आणखी बटाटे आले, त्यांत एक तरुण वकील होता. पंतप्रधानांचा फोन आला, तो पहिल्या फोनपेक्षाही आखूड. खुर्ची गेली, गाडी गेली, राहिली ती पदवी आणि शपथ.

मागच्या वर्षी तो हॅलिफॅक्सच्या इस्पितळात शेवटचा पडला होता. मी रोज बसने जायची. त्याच्या उशाशी आईचं बायबल होतं. एका दुपारी मी त्याला चमच्याने सूप भरवत होते, तर त्याने माझं मनगट धरलं.

"व्हर्ना, त्या बैठकीत मी काय बोललो ते तुला सांगून टाकतो. आता कोण विचारायला येणार आहे?"

किती वर्षं मी याची वाट पाहिली होती! भांडी घासताना, लॉर्नच्या हातांना मलम चोळताना, एकच प्रश्न. आमच्यासाठी हा भांडला होता की गप्प बसला होता? आणि आता उत्तर तोंडाशी आलं, तेव्हा मला दिसलं काय, तर ताटातले तीन बटाटे. तो भांडला असेल, तर भांडूनही त्याने आम्हांला बुडू दिलं. गप्प बसला असेल, तर तेही तेच. लॉर्नला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

"अगं, पण..."

"शपथ मोडायची होती तर त्या रविवारी मोडायची होतीस, ऑरिन. जेवताना. तेव्हा सांभाळलीस ना? मग आता पुरी सांभाळ."

त्याचे ओठ हलले. मी चमचा पुढे केला आणि त्याने तोंड उघडलं.

तो गेला त्या आठवड्यात आमच्या पोस्टावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. माजी मंत्र्याचा मान असतो तेवढा. पाकिटाला तिकीट लावता लावता एका तरुण मुलीने मला विचारलं, "आजी, कोण गेलं हो?"

"टेबलाच्या टोकाला बसायचा एक," मी म्हटलं, आणि पाकीट पेटीत टाकून घरी आले.