जुन्या मेलला नवी उत्तरं

लिनेट जेवून वर आली तेव्हा लॅकलन खुर्चीत रेलून गालातल्या गालात हसत होता. होबार्टच्या धक्क्यावरच्या या समुद्रसंशोधन संस्थेचा मेल सर्व्हर लिनेटने कित्येक वर्षं सांभाळला होता. लॅकलन तिचा नवा साहेब, वयाने तिच्या मुलाएवढा आणि घाईने तिच्या दुप्पट.

"झालं बघ तुझं आठवड्याचं काम," तो म्हणाला. "सगळ्यांची जुनी मेल एका कमांडमध्ये पुन्हा नियमांतून काढली. ज्याची त्याची फोल्डरं भरली. तू उगाच बाऊ करत होतीस."

आलेली मेल आपोआप ज्या त्या फोल्डरात टाकणारे नियम मध्यंतरी बिघडले होते आणि सगळ्यांची मेल एकाच ढिगात पडत होती, हे खरं. तो ढीग पुन्हा चाळायला हवा होता, हेही खरं. पण त्याआधी उत्तर पाठवणारे नियम बंद करायचे असतात. मेल कालची की वर्षापूर्वीची हे सर्व्हरला कुठे कळतं? नियमातून गेली की त्याच्या लेखी ती आत्ताच आलेली. हे तिने लॅकलनला बजावून सांगितलं होतं आणि तो फोनवरून नजर न काढता "हो हो" म्हणाला होता.

"नियम कुठले वापरलेस?" तिने विचारलं.

"बिघडलेले थोडेच वापरणार? उन्हाळ्यातल्या बॅकअपमधून सगळ्यांचे परत आणले."

"सगळ्यांचे? फर्गसचेही?"

"फर्गस कोण?"

लिनेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फर्गस संस्थेच्या बोटीवर होता. बोट बुडाली आणि तो सापडलाच नाही. त्याची बायको टेगन म्हणाली म्हणून त्याचा इनबॉक्स तसाच ठेवला होता. मोहिमेवर निघताना तो एक नियम लावून जायचा. कुणाचीही मेल आली की आपोआप उत्तर जायचं: 'समुद्रावर आहे. परतलो की बोलू.' बातमी आली त्या दिवशी लिनेटने रडत रडत तो नियम स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. पण उन्हाळ्यातला बॅकअप त्याआधीचा होता. त्यानंतरही टेगन त्याला लिहीत राहिली. लिनेटला ते दिसत होतं, पण तिने एकही मेल कधी उघडली नाही.

तिने लॅकलनला खुर्चीवरून उठवलं, नियम बंद केला आणि काय काय बाहेर गेलं ते पाहिलं. टेगनच्या 'येताना दूध आण' ला उत्तर गेलं होतं. 'कुठे आहेस?' ला गेलं होतं. 'आज त्यांनी शोध थांबवला' लाही गेलं होतं. समुद्रावर आहे. परतलो की बोलू.

"अरे गाढवा, बुडालेल्या माणसाच्या नावाने त्याच्या बायकोला उत्तरं पाठवलीस तू!"

"मला कसं कळणार?" लॅकलनचा चेहरा उतरला, पण तोंड थांबेना. "तांत्रिक चूक आहे, लिनेट. माफीची एक मेल टाकू या तिला."

"अजून एक मेल? जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

तेवढ्यात फोन वाजला. टेगनच होती. लिनेटने लॅकलनला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"लिनेट, तो आलाय ना? कुठल्या बोटीने उचललं त्याला?"

"नाही गं टेगन. तो नव्हता. सर्व्हरने पाठवलं ते. आमच्याकडून चूक झाली."

टेगन ओरडली. "कुठल्या नालायकाने केलं हे? मी अनवाणी रस्त्यावर धावले! ब्रायोनीच्या शाळेत फोन केला, सांगितलं, तुझा बाबा सापडला, घरी ये! पोरगी बसमध्ये नाचत येत असेल. काय सांगू तिला आता मी?"

लिनेटने फोन उचलून लॅकलनच्या हातात कोंबला. "सांग."

"मी... म्हणजे, त्याचं असं आहे," लॅकलन चाचरला, "ती जुनी मेल होती, आणि नियम..."

पलीकडे दार धाडकन उघडलं.

"आई! कुठाय बाबा? आतल्या खोलीत आहे का?"

लॅकलनने फोन परत लिनेटपुढे धरला. तिने तो घेतला नाही.