कानपिळीचा मान

प्रथमेश चार वर्षं अमेरिकेत पिस्कॅटवेला बसून एकाच कागदाच्या मागे लागला होता. पोर्तुगिजांच्या काळात त्यांचा परवाना नसलेलं जहाज समुद्रात सापडलं की मालासकट जप्त व्हायचं. त्या परवान्यांवरच त्याची पीएचडी. जुन्या अर्जांत त्याला चौलचा एक व्यापारी भेटला. परवान्याअभावी त्याचं गलबत बंदरातच अडकलं. कापड दुसऱ्याच्या जहाजातून मोझांबिकला गेलं, हा मात्र किनाऱ्यावर. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं, तिकडे मुलगा आहे, त्याला बघायचं आहे.

तेव्हा प्रथमेशला गंमत वाटली होती. मग अलिबागला त्याच्या धाकट्या बहिणीचं, रुचाचं लग्न ठरलं आणि गंमत अंगाशी आली. त्याच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली; इथे राहायला तो लागत नाही, बाहेर जाऊन परत यायला लागतो. गेलास तर परत येशीलच असं नाही, असं सगळ्यांनी बजावलं. दोन वर्षांपूर्वी घरी गेला तेव्हाच नवा शिक्का मारून आणायचा, तर परवान्यांचे हे मोठे अभ्यासक चौलच्या किल्ल्यात भटकत बसले होते.

बरं, आपल्यातलं कुणी ना कुणी भारतात जाणारं असतंच. पार्सिपनीच्या शैलजाकाकूंच्या बॅगेतून रुचाचं घड्याळ गेलं, जावयाचं अत्तर गेलं. कानपिळीला लागणारा भावाचा हात तेवढा मागे राहिला. नवऱ्याचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा आणि वर त्याच्याकडूनच मानाची भेट उकळायची, हे बेत तो शाळेपासून रुचाला ऐकवत आला होता. आता ते काम चुलतभाऊ नील करणार होता.

मुहूर्त गोरज, म्हणजे इथे सकाळ. मंगलाष्टकं त्याने फोनवर पाहिली. पुढे कानपिळी येणार म्हटल्यावर फोन बंद केला आणि लायब्ररीत जाऊन बसला. इतकं एकटं त्याला इथे पहिल्या थंडीतही वाटलं नव्हतं. नंतरच्या फोनवर त्याने तो विषय टाळला, रुचानेही काढला नाही.

तीन आठवड्यांनी काकू परतल्या आणि त्याला घरी बोलावून त्यांनी पुडकं हातात ठेवलं. वर लाडू, खाली शर्टाचं कापड आणि रुचाची चिठ्ठी.

'दादा, कान कुणालाच पिळू दिला नाही. गुरुजी चिडले. नीलने लाह्या तेवढ्या दिल्या. मान आधी पाठवतेय, कान राखून ठेवलाय.'

काकूंनी चहा टाकला. एडिसनला एक शिंपी आहे, त्याच्याकडे शर्ट शिवायला टाक, म्हणाल्या.

"नको काकू," प्रथमेश म्हणाला, "तिकडे गेलो की शिवून घेईन."

काकूंनी कापडाची घडी घालून ते परत पुडक्यात ठेवलं.